पितळेतलं लोखंड

४ जानेवारी

काल कुठवर आलो होतो, सांग बघू. गप्प! वाटलंच मला. जगातली सगळी अक्षरं तुला येतात, आणि कालचं एक वाक्य आठवत नाही. मला एक अक्षर येत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वी कामावर कोण कुणाच्या चपला घालून घरी गेली होती ते विचार, लगेच सांगते.

नातीनं तिचा जुना फोन मला दिला आहे. याच्यापुढे बोलायचं, तो लिहून घेतो, तारीखही आपणच घालतो. “दिवसभर भिंतींशी बोलतेस, त्यापेक्षा बरं,” म्हणाली.

“आणि वाचणार कोण?”

“कुणी नाही. तुझी रोजनिशी आहे.”

“मला वाचता येत नाही.”

“मग तर फारच छान, आजी. पोटातलं बाहेर पडलं आणि कुणाला कळलंही नाही.”

पोर माझ्यावर गेली आहे. आपलं नाव आजपासून वहीबाई. चालेल ना? नाही चाललं तरी तुला उद्या आठवणार नाही.

६ जानेवारी

आज नातीनं तिचं काम परत एकदा समजावलं. दर वेळी वेगळ्या चालीनं समजावते, म्हणून मी दर वेळी विचारते.

केसाची जाडी घ्यायची. तिचे लाख भाग करायचे. त्यातले वीस-तीस भाग म्हणजे तिचा एक ठिपका. नखाएवढ्या काचेच्या तुकड्यावर असे कोट्यवधी ठिपके बसतात. ठिपके जस्ताच्या भस्माचे. जस्ताचं भस्म लोहचुंबकाला ओळख देत नाही, एवढं मलाही माहीत आहे. पण इतकं बारीक केलं की ते ओळख द्यायला लागतं, असं तिला गेल्या वर्षी दिसलं. मोठे सर, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, तेव्हा खुर्चीतून उठून उभे राहिले होते म्हणे. ते सहसा कुणासाठी उठत नाहीत.

“खरा चुंबक कोण, आजी? मोठा लोहचुंबक जवळ आणून दूर नेला, तरी ज्याला दिशा आठवते तो. लोखंडसुद्धा फार बारीक केलं तर विसरतं. खोलीतल्या उबेनं विसरतं. माझे ठिपके विसरत नाहीत.”

“मग दोन ठिपके वहीबाईत टाक.”

हसली. पण पुढचं हसून सांगितलं नाही. दोन फेब्रुवारीला तिची मुलाखत आहे. कायमची जागा एकच. ठिपक्यांवरचा तिचा पेपर एका मोठ्या मासिकानं स्वीकारला आहे, त्यामुळे जागा तिलाच मिळेल असं सगळे म्हणतात. मिळाली तर हे दोन खोल्यांचं घरही राहील, कारण घर संस्थेचं आहे. नाही मिळाली तर मार्चअखेर दोघींनी बोचकी बांधायची.

दहा वर्षं चालली आहेत या पोरीची शिकण्यात. तिच्या वयाला मी तिच्या बापाला शाळेत घालत होते.

९ जानेवारी

सुनेचं पार्सल आलं. भाजलेले शेंगदाणे. निवडून, फोलपटं पाखडून, एकेक दाणा बघून. मला काही कामच ठेवलं नाही या बाईनं.

१३ जानेवारी

नात डबा विसरून गेली. मी नेऊन दिला. दोन इमारती पलीकडे, वर तीन मजले. लिफ्ट होती, पण तिच्यात आकडे दाबावे लागतात.

सगळ्या प्रकारची माणसं एकाच जिन्यावर बसवली आहेत. पहिल्या मजल्यावर मधमाश्यांची बाई. मधमाशीला दिशा कशी कळते, तिच्या पोटात लोखंडाचे कण असतात का, हे ती शोधते. दुसऱ्यावर एक गृहस्थ, मी त्यांना चिखलवाले म्हणते. तळ्याच्या तळाचा चिखल बरण्यांत भरून ठेवला आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू, आणि त्या जंतूंच्या अंगात चुंबकाचे मणी, माळेसारखे ओवलेले! चिखलवाल्यांनी मला भिंगातून दाखवलं. त्यांनी लोहचुंबक फिरवला की सगळे जंतू वळायचे, जसे मुकादम आला की आम्ही वळायचो. “यांना कुणी शिकवलं?” मी विचारलं. “तेच कळत नाही, आजी, म्हणून तर पगार मिळतो,” म्हणाले. बरा माणूस आहे.

तिसऱ्या मजल्यावर नात. मला पायात निळ्या पिशव्या घालायला लावल्या. तिचं मोजायचं यंत्र म्हणजे दुधाच्या भल्यामोठ्या कॅनसारखं, पायथ्याशी पांढरी वाफ. त्याच्या पोटात एवढी थंडी आहे की हिवाळ्याला हुडहुडी भरेल. आणि एवढ्या महागड्या यंत्रात तुकडा सोडायचा कसा? सरबत प्यायच्या नळीत घालून! साधी प्लास्टिकची नळी. मी म्हटलं, हे मलाही जमलं असतं.

तिनं करून दाखवलं. डबीतून काचेचा तुकडा चिमट्यानं उचलला, कोपऱ्याला धरून. नळीत घातला. मग बाहेर काढला, पालथा केला, पुन्हा घातला. एक गंमत सांगते म्हणाली. तुकडा जितका जुना, जितक्या वेळा मोजलेला, तितकं त्याचं चुंबकत्व वाढत जातं. का, ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. तिच्या पेपरात त्यावर दोन पानं आहेत.

मी चिमट्याकडे बघत होते. टोकाला आतल्या अंगानं घासलेली, लखलखीत जागा होती. तांदळाच्या कणीएवढी.

“हा चिमटा नेहमीचा?”

“पहिल्या दिवसापासूनचा. हाताला बसलाय.”

डबा दिला आणि आले.

१४ जानेवारी

आज काही नाही. बोलायला बसले आणि उठले.

१७ जानेवारी

हे तुला सांगते, वहीबाई, कारण तू विसरतेस.

मी अठराव्या वर्षी ओतशाळेत लागले. शेजारच्या कारखान्यात लेथ चालायचे. त्यांच्याखाली पडलेला पितळेचा कीस पोती भरून आमच्याकडे यायचा, वितळवून पुन्हा ओतायला. पण त्याच लेथवर लोखंडही कापायचे, म्हणून पितळेच्या किसात लोखंडाचा कीस मिसळलेला असायचा. आम्ही सात बायका फरशीवर बसायचो. कीस पातळ पसरायचा आणि लोहचुंबक त्यावरून फिरवायचा. तीन हात. एक उभा, एक आडवा, आणि तिसरा कीस उलथून. तीन हात झाल्याशिवाय पोतं भट्टीकडे जाता कामा नये. लोखंड राहिलं तर ओतलेल्या पितळेत खडा धरतो, दगडासारखा. मग कुणीतरी ते पितळ लेथवर लावतो, कापायचं टूल खड्यावर आदळतं आणि तुटतं.

एकोणीस वर्षं मी लोखंड निवडलं. लोखंडाचा स्वभाव मला माझ्या माहेरच्यांपेक्षा चांगला माहीत आहे. ते सांडत नाही, चिकटतं. नखात, केसांत, पाण्याच्या भांड्याच्या बुडाशी. आपण म्हणतो इथे लोखंड नाही, आणि ते आपल्याच हातातून तिथे गेलेलं असतं.

जितक्या वेळा मोजलं तितकं वाढतं. म्हणजे जितक्या वेळा धरलं तितकं.

देवा, हे समजण्यात माझी चूक असू दे.

१८ जानेवारी

मोठ्या सरांनी नातीला सगळ्यांसमोर “आमचं नाणं” म्हटलं. ती घरी येऊन दोनदा सांगून गेली. दुसऱ्यांदा सांगताना स्वयंपाकघराच्या दारात लहानपणी उभी राहायची तशी उभी होती, एका पायावर.

२० जानेवारी

स्वयंपाकघराच्या खिडकीत पितळेचा एक ठोकळा आहे. मुठीएवढा, गोल, अर्धवट कापलेला. नात त्याच्याखाली कागद दाबून ठेवते. तिला वाटतं आजोबांची आठवण. आहेच.

हे लेथवर टर्नर होते. त्याच कारखान्यात. लग्नाला चार वर्षं झाली होती, मुलगा दोनाचा. एका दुपारी पितळ कापताना टूल तुटलं, टोक उडालं आणि यांचा उजवा डोळा गेला. कारखान्यानं चौकशी केली. टूल खराब होतं असं ठरलं. सगळ्यांनी टूलवाल्याला शिव्या दिल्या. मीही दिल्या.

ते पितळ ज्या पोत्यातलं होतं, ते पोतं मी निवडलेलं. प्रत्येकीच्या पोत्याला वेगळी गाठ असायची, माझी दुहेरी. भट्टीवाल्यानं सहज बोलता बोलता सांगितलं, दुहेरी गाठीचंच होतं. ते पोतं निवडलं त्या दिवशी सुटीची घंटा व्हायची होती, आणि मी मुकादमाच्या चालीची नक्कल करत होते. बायका हसून लोळत होत्या. नक्कल रंगली. मी एक हात फिरवला आणि गाठ मारली. दोन हात राहिले.

मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ. पुढे एकेचाळीस वर्षं संसार केला, आणि झाकलेली मूठ कधी सैल केली नाही. हे जाऊन आता तेरा वर्षं झाली.

डोळा गेल्यावर हे, कापत होते तोच ठोकळा घरी घेऊन आले. टाकू द्यायचे नाहीत. मी दर आठवड्याला घासते. वर, खाली, कडेनं. खाली काहीतरी ओरखडलेलं अंगठ्याला लागतं. मालाचा नंबर असेल.

खवट शेंगदाणा यांना एका डोळ्यानं नीट ओळखू यायचा नाही. मी निवडून द्यायची. हे तळहात पुढे करायचे आणि न बघता तोंडात टाकायचे. एकेचाळीस वर्षं न बघता. तो पसरलेला तळहात दिसला की मी दाणे पुन्हा एकदा निवडायची. मी म्हणायची, “बघून खा की जरा.” तर म्हणायचे, “तू बघितलंस ना? झालं तर.”

२२ जानेवारी

मुलाखतीला अकरा दिवस. नात नवीन बूट घेऊन आली. घरात घालून फिरत होती, टाच चावू नये म्हणून.

२३ जानेवारी

गप्प बसले तर कुणाचा डोळा जाणार आहे? ठिपकेच तर आहेत.

असं मी दिवसभर स्वतःला सांगितलं. मग आठवलं, त्या दिवशी गाठ मारतानाही असंच काहीतरी म्हटलं असेन. कीसच तर आहे.

२५ जानेवारी

सांगितलं.

जेवण झाल्यावर म्हटलं, “तुझा चिमटा कशाचा?”

“स्टीलचा. पण चुंबक न धरणारं स्टील असतं, आजी. आम्ही मुद्दाम तसलंच वापरतो. चुंबक लावून बघितलंय.”

“कुठे लावून?”

“कुठे म्हणजे? चिमट्याला.”

“एक वाटी दे. आणि फ्रिजच्या दारावरचा तो चुंबक.”

वाटीच्या बुडाला चुंबक लावला. घसरून पडला. “बघ,” ती म्हणाली. मग मी तोच वाटीच्या काठाला लावला, जिथे पत्रा दुमडून वळवलेला असतो. धरला. हलकाच, पण धरला. मग चमच्याच्या वाकवलेल्या मानेला. धरला.

“सरळ आहे तोवर स्टील साधू. वाकवलं, ठोकलं, दाबलं की त्याच्यातलं लोखंड जागं होतं. भंगारात आम्ही काठच बघायचो. तुझ्या चिमट्याचं टोक दाबून बारीक केलेलं आहे. आणि काच त्याच्याहून कडक. दर वेळी धरतेस, टोक झिजतं. झिजलेलं कुठे जातं?”

ती वाटीकडे बघत राहिली. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण आवाज चढला तिचा.

“तू काय बोलतेस ते तुला कळतंय का? आठ दिवसांवर मुलाखत आहे. हा पेपर तीन माणसांनी तपासलाय. दोन देशांतल्या. आणि तुला तर साधं —”

थांबली.

“अक्षर येत नाही,” मी तिचं वाक्य पुरं केलं. “खरं आहे. पेपर मला वाचता आला नाही, म्हणून मी चिमटा बघत बसले.”

उठली, खोलीत गेली. वाटी तशीच. चुंबक काठाला चिकटून.

२६ जानेवारी

डबा घेऊन गेली. आली. जेवली. “मीठ दे” एवढंच.

२८ जानेवारी

आज तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता, बुटांना पॉलिश करता करता.

“तुला एवढं का लागलंय, आजी? चिमट्याचं?”

मग मी खिडकीतला ठोकळा आणून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. दुहेरी गाठ. मुकादमाची नक्कल. दोन राहिलेले हात. तुला सांगितलं होतं ते सगळं, वहीबाई, पण माणसाला सांगायला जास्त वेळ लागतो. माणूस मधेच तुमच्याकडे बघतं.

“आजोबांना माहीत होतं?”

“नाही.”

“कधीच सांगितलं नाहीस?”

“नाही.”

तिनं ब्रश खाली ठेवला. माझ्या कपात चहा ओतला. चहा केव्हाच गार झाला होता, तिला कळलं नाही. मी प्यायले.

मग म्हणाली, “चिखलवाल्यांकडे बांबूचे चिमटे आहेत.”

२९ जानेवारी

प्रयोगशाळेतच आहे. मी डबा नेला तेव्हा दाराच्या काचेतून दिसली. नवे तुकडे बारा. सहा एका डबीत, सहा दुसऱ्या. मी आत गेले नाही. दाराला डबा टेकवून आले.

३१ जानेवारी

दुपारीच घरी आली. दारातच खाली बसली, बूट न काढता.

“सहा तुकडे माझ्या चिमट्यानं धरले, सहा बांबूच्या. बाकी सगळं सारखं. माझ्या चिमट्याच्या सहाही तुकड्यांना दिशा आठवते. उरलेल्या सहांना काही आठवत नाही. काही म्हणजे काहीच नाही, आजी.”

मी तिच्याजवळ बसले. गुडघे बोलले माझे.

“एकदाच मोजलंस?”

“तीनदा. तीन हात फिरवले.”

माझी चूक असू दे म्हटलं होतं मी. देवानं एवढंही ऐकलं नाही.

१ फेब्रुवारी

तिनं मोठ्या सरांना सगळं दाखवलं. त्यांनी बराच वेळ आकडे बघितले. मग म्हणाले, “मुलाखत उद्या आहे. हे मुलाखतीनंतर, परवा सापडलं असतं तरी चाललं असतं.” वाईट माणूस नाहीत ते. तिच्यासाठीच म्हणाले.

मी विचारलं, “मग?”

“मग काय. काल सापडलं.”

२ फेब्रुवारी

नवे बूट घालून गेली. आत मोठे सर धरून सातजण होते. पहिल्या पाच मिनिटांतच तिनं सांगून टाकलं की पेपर चुकीचा आहे, मागे घेण्याचं पत्र सकाळी पाठवलं आहे, आणि चूक कशी सापडली. कोणी सापडवली, तेही सांगितलं.

“आजीनं, असं म्हणालीस?”

“एकोणीस वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञानं, असं मी म्हणाले. मग त्यांनी नाव विचारलं, तेव्हा आजी म्हणावं लागलं.”

एकानं विचारलं, मग आता तुमच्याकडे दाखवायला आहे काय? तिनं खिशातून चिमटा काढून टेबलावर ठेवला. दोघंतिघं हसले. मोठे सर हसले नाहीत.

टाच चावलीच बुटानं. फोड आला आहे.

१० फेब्रुवारी

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

१६ फेब्रुवारी

सगळ्या इमारतीत साथ पसरल्यासारखं झालं आहे. जो तो फ्रिजचा चुंबक घेऊन आपापल्या चिमट्यांच्या टोकाला लावून बघतो आहे. मधमाश्यांच्या बाईकडे चुंबक धरणारे दोन चिमटे निघाले. आठ महिन्यांच्या माश्या पुन्हा मोजाव्या लागणार. रागारागानं आमच्याकडे आली. “तुम्हीच ना त्या आजी?” मी म्हटलं, “मीच. या, बसा, ओरडायला बसून बरं पडतं.” बसली. मग सुनेचे शेंगदाणे खाता खाता तिचा राग उतरला, आणि जाताना मला विचारलं की सुरीच्या पात्याचं काय. मी म्हटलं, पात्याला तर धारच ठोकून काढतात, बाई.

चिखलवाले नातीला म्हणाले, “सहा महिन्यांचं काम आहे माझ्याकडे. जागा वगैरे काही नाही. पण आमच्या जंतूंच्या माळा खऱ्या आहेत की आम्हीच ओवल्या, ते शंका घेणाऱ्या माणसानं बघायला हवं.” ती हो म्हणाली. इथून चार गल्ल्या पलीकडे एक खोली बघितली आहे. स्वयंपाकघर तिच्यातच, खिडकी एक.

तिला रडताना मी एकदाच बघितलं. तुकड्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढताना. एकेकीवर तारीख होती. पहिली तारीख तिनं काढली नाही, डबी तशीच कपाटात ठेवून दिली.

तिला सावरायला मी उठले. मुकादमाची नक्कल केली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

२ मार्च

सामान बांधतो आहोत. नातीनं कागदांवरचा ठोकळा उचलला आणि अंगठा खालून फिरवला.

“खाली काय आहे गं?”

“मालाचा नंबर.”

तिनं उजेडात धरून बघितला. मग हळूच म्हणाली, “आजी, यात लोखंड आहे की नाही, हे कुणी कधी बघितलंच नाही ना? तू पोत्याच्या गाठीवरून धरून चालली आहेस. मी बघू?”

माझ्या मनात आलं, नसलं तर? टूलच खराब असलं तर? मग इतकी वर्षं मी कशाचं ओझं वाहिलं? आणि असलं तर आहेच.

“बघ,” म्हटलं. “पण तीन हात फिरव. आणि बांबूच्या चिमट्यानं धर.”

“ठोकळा आहे तो, आजी. चिमट्यात कसा मावेल?”

५ मार्च

लोखंड आहे. कापलेल्या तोंडाशी, टूल जिथे थांबलं त्या खोल खाचेत, माझं फडकं पोचत नाही तिथे, राखाडी खडा. जोंधळ्याएवढा. त्याच्याभोवती कुणीतरी टोचणीनं गोल ओढलेला आहे.

आणि खालचा तो नंबर नाही. अक्षरं आहेत. मी घासून घासून पुसत आणली होती. नातीनं भिंगाखाली धरली, तिरपा उजेड टाकला, तेव्हा उठली. यांचं अक्षर तिनं ओळखलं. तीनच शब्द आहेत, गोलाच्या बरोबर खाली, मुलाला किंवा ज्या कुणाला पुढे सापडेल त्याला सांगितल्यासारखे.

“तिला कळू नये.”

घरात माझ्यापासून काही लपवायचं तर यांना एकच जागा होती, वहीबाई: अक्षरं. त्यांनी नेमकी तीच शोधली, आणि माझ्या हातात घासायला दिली.

तळहात पुढे करायचे ते न बघता. सगळं बघून झाल्यावर.

नात बाहेर गॅलरीत उभी आहे. मी विसरायच्या आत, आणि तू विसरायच्या आत, सुनेला हा निरोप लिहून ठेव. नवीन पत्त्यावर शेंगदाणे पाठव. भाजून पाठव, पण निवडू नकोस. खवट असतील तेही राहू देत. निवडायला मी आहे.